नाव न घ्यायचा शॉट

आमच्या गोल्फच्या सराव-रेंजवर रोज संध्याकाळी मैदानभर पडलेले बॉल गोळा करायला एक गाडी फिरते. किस्से गोळा करायला मात्र काहीच लागत नाही, ते आपले आपणच साठतात. चार शहाणी माणसं एका जाळीच्या आडोशाला उभी राहून वर्षानुवर्षं एकाच पांढऱ्या बॉलवर राग काढत असली की दुसरं काय साठणार!

मी मूळची कऱ्हाडची. चेन्नईला आले ती गाड्यांच्या कारखान्यात, क्वालिटी डिपार्टमेंटला. कंपनीने एका रविवारी ‘टीम बिल्डिंग’ म्हणून आम्हाला गोल्फच्या रेंजवर नेलं. बाकीची टीम बिल्ड झाली आणि सोमवारी कामाला लागली. माझं मन मात्र त्या जाळीपाशीच अडकलं. वर्षभरात नोकरी सोडली आणि ‘प्रो’ व्हायचं ट्रेनिंग सुरू केलं. प्रो म्हणजे ज्याला खेळताही येतं, शिकवताही येतं आणि दोन्हीचं सर्टिफिकेट असतं असा माणूस.

आईला फोन केला. “आई, मी नोकरी सोडली. गोल्फ शिकवणार.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आई म्हणाली, “म्हणजे पी.टी.ची बाई?”

“तसंच समज.”

“शाळा कुठली?”

“शाळा नाही गं. मोठमोठी माणसं येतात शिकायला. डॉक्टर, कंपन्यांचे मालक...”

“एवढी मोठी माणसं, आणि त्यांना अजून खेळता येत नाही?”

मी विषय बदलला.

*

घर बदलायचं होतं, म्हणून नुंगंबाक्कमला एक फ्लॅट बघायला गेले. घरमालकीण मामी (इथे वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात) झोपाळ्यावर बसून माझी मुलाखत घेत होत्या. तोपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, “काय करतेस?”

“गोल्फ प्रोफेशनल होते आहे.”

मामींनी झोपाळा थांबवला. मला वाटलं, गेला फ्लॅट! आता यांना गोल्फ म्हणजे काय, प्रोफेशनल म्हणजे काय, पगार कोण देतं, सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. मी घसा साफ केला.

मामी म्हणाल्या, “ते असू दे मा. व्हेज की नॉनव्हेज?”

*

ट्रेनिंगला आम्ही तिघं. मी, प्रवीण नावाचा इथलाच एक तरणाबांड इंजिनियर, आणि रघुमामा.

रघुमामांची ओळख झाली ती माझ्या शिव्यांमुळे. पहिल्याच आठवड्यात माझा बॉल सारखा जमिनीवरून सरपटत जात होता. मी वैतागून म्हणाले, “मेल्या, उड की जरा!”

शेजारच्या जागेवरून आवाज आला, “तुम्ही मराठी काय?”

बघते तर कपाळावर गंध, शर्ट नीट खोचलेला, हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ. मला इतका आनंद झाला की विचारू नका. “होय! तुम्ही कुठले?”

“आवडीचे. येथलेंच, चेन्नईबाहेरचें गांव.”

“मूळचे?”

“तंजावूर.”

“आणि त्याच्याआधी महाराष्ट्रात कुठले?”

“तें राजांस विचारा पा! त्यांनींच आम्हांस इकडे आणिलें, आणि परत न्यावयाचें विसरले!”

तीनशे वर्षांपूर्वी मराठा राजांबरोबर तंजावूरला गेलेल्या घरांतली ही जुनी मराठी, अधूनमधून तमिळ ‘पा’ लावलेली. त्या दिवसापासून ते माझे मामा. पूर्ण नाव रघुनाथ राव. आवडीला सरकारी कारखान्याच्या ऑफिसात ते क्लार्क होते. क्वार्टर्सच्या मैदानावर कोणा साहेबाने टाकून दिलेला जुना क्लब हाताला लागला आणि यांना वेड लागलं. वेड वाढत वाढत मुदतीआधी रिटायरमेंट घेण्यापर्यंत गेलं. बायको, कमलामामी, शाळेत गणित शिकवतात. त्यांनी हे गणितही शांतपणे मांडलं होतं. सर्टिफिकेट मिळालं तर इथली एक गोल्फची संस्था मामांना शिकवायला ठेवून घेणार. नाही मिळालं, तर नुंगंबाक्कमला मामींच्या भावाच्या ऑफिसात हिशेब लिहायला बसायचं. भाऊ मोठा प्रेमळ. त्याने मामांसाठी खुर्ची पुसून तयार ठेवली होती आणि सणासुदीला आठवणीने सांगायचा, “खुर्ची रिकामी आहे हं अत्तिंबेर!”

अत्तिंबेर म्हणजे मेव्हणे. ती रिकामी खुर्ची मामांच्या स्वप्नात यायची.

*

मामा आवडीहून ट्रेनने यायचे, खांद्याला चौदा क्लबांची भलीमोठी बॅग लावून. डिसेंबर महिना होता. डिसेंबरात चेन्नईत दर गल्लीत गाण्याच्या मैफली चालू असतात आणि ट्रेनमध्ये निम्मी माणसं वीणा नाहीतर मृदंग घेऊन फिरत असतात. त्यात कपाळावर गंध लावलेले मामा आणि त्यांची ती लांब बॅग!

समोर बसलेल्या एका मामींनी हात जोडून आदराने विचारलं, “कुठल्या सभेत कार्यक्रम आहे आज?”

मामांना खोटं बोलवेना आणि खरं सांगितलं तर त्या बाईंचा हिरमोड होणार. ते नुसतेच हसले.

मामींनी बॅगेकडे बघून विचारलं, “एवढी मोठी बॅग! वाद्य कुठलं?”

मामांनी सुस्कारा सोडला. “चौदा आहेत मामी. एकही श्रुतीत नाही!”

*

आमचे गुरू सुंदरम सर. वय झालं होतं, पण पाठ ताठ. तोंडात कौतुकाचा एकच शब्द, “परवाइल्ले.” म्हणजे ‘ठीक आहे, चालेल’. प्रवीणने एकदा बॉल इतका लांब मारला की मागच्या जाळीवर बसलेले बगळे उडाले. सर म्हणाले, “परवाइल्ले.” सरांना नातू झाला तेव्हा आम्ही विचारलं, “कसा आहे?” सर म्हणाले, “परवाइल्ले!”

क्लब हातात किती घट्ट धरायचा, हे शिकवायची सरांची पद्धत जगात कुठल्या पुस्तकात नसेल. पहिल्याच दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीवरून तीन फिल्टर कॉफी मागवल्या. स्टीलच्या टंबलरमध्ये, वाफाळत्या, काठोकाठ. म्हणाले, “धरा. जोरात धरलंत तर भाजेल, सैल धरलंत तर सांडेल. क्लब असाच धरायचा.”

मी जन्मभर कान असलेल्या कपातून चहा प्यायलेली. पहिल्याच झटक्याला मी “आई गं!” म्हणून टंबलर सोडला आणि कॉफी सरांच्या बुटावर.

मामांनी मात्र दोन बोटं वरच्या कडेला लावली आणि असे काही उभे राहिले की वाटावं, हा माणूस आता टंबलर घेऊन झोपीसुद्धा जाईल. सर त्यांच्याभोवती फिरून आले, मनगट बघितलं, खांदा बघितला. “परवाइल्ले!”

मग सर प्रवीणकडे वळले. प्रवीणचा टंबलर रिकामा.

“काय झालं?”

“सर, निवत होती...”

*

ट्रेनिंगमध्ये शिकवायचीही प्रॅक्टिस असते. मामांच्या वाट्याला आले टी. नगरमधले एक साडीचे व्यापारी, पिढीजात दुकान. पहिला तास राहुकालात येत होता म्हणून त्यांनी बॉलला हात लावला नाही, राहुकाल संपेपर्यंत नुसते बूट न्याहाळत बसले. तेही चाललं असतं. पण त्यांना एक जुनाट खोड होती. क्लब फिरवला रे फिरवला की मान वर! बॉल क्लबला लागायच्या आधीच यांचे डोळे समोर. साहजिकच बॉल जागच्या जागी.

प्रवीणने सांगून बघितलं, मी सांगून बघितलं, “सर, डोकं खाली! डोकं खाली ठेवा!” काही उपयोग नाही.

मामांनी त्यांना बाकावर बसवलं आणि घरच्यासारखं विचारलं, “दुकानात स्वतः साडी दाखवतां काय?”

“लहानपणापासून.”

“साडी उलगडतांना कोठें बघतां?”

व्यापारी हसले. “साडीकडे कोण बघतं सर? गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं! पदर पूर्ण उलगडायच्या आत कळायला हवं, आवडली की नाही.”

जन्मभर हात झटकला की मान वर, हीच सवय! ती कोण मोडणार?

मामांनी ती मोडलीच नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, बॉलवर दोन डोळे आणि एक नाक काढलं, खाली वाकडं तोंड काढलं आणि बॉल मातीवर ठेवला. “हें तुमचें गिऱ्हाईक. अजून पसंत नाही म्हणतंय. ह्याच्या तोंडाकडे बघा आणि उलगडा पा कांजीवरम!”

व्यापाऱ्यांनी बॉलकडे प्रेमाने बघितलं आणि हात झटकला. बॉल असा सुरेख उडाला की मी टाळ्याच वाजवल्या. खरं सांगते, मला त्या दिवशी मामांचा हेवा वाटला. मास्तर जन्माला यावा लागतो, आणि हा समोर उभा होता.

व्यापारी मात्र अजून लांबवर बघत होते. म्हणाले, “सर, गिऱ्हाईक गेलं की हो निघून!”

*

आता ‘अदु’बद्दल सांगायला हवं.

गोल्फमध्ये एक शॉट आहे. क्लबच्या काठीला जिथे खालचं पातं जोडलेलं असतं, त्या मानेला बॉल लागतो आणि समोर जायचा सोडून काटकोनात उजवीकडे सुटतो. जगभरचे गोल्फर या शॉटला भितात, कारण तो एकदा आला की मुक्कामाला राहतो आणि दुसऱ्याचा बघितला तरी आपल्याला होतो. त्याचं नाव घेत नाहीत. आमच्याकडे रात्री साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, तसंच. सरांच्या रेंजवर त्याला ‘अदु’ म्हणतात. तमिळमध्ये अदु म्हणजे नुसतं ‘ते’. खरं नाव मी इथेही लिहिणार नाही. उद्या सकाळी मला क्लास आहे.

एकदा प्रवीणला अदु झालं. पहिला बॉल टपरीच्या पत्र्यावर. दुसराही पत्र्यावर. टपरीवाला बाहेर येऊन म्हणाला, “सांगितलं असतंत तर कॉफी आणली असती की!”

सरांनी प्रवीणला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई कोहळा घेऊन रेंजवर हजर. कोहळ्यावर कापूर पेटवून लेकाची दृष्ट काढली आणि दारात जोरात आपटून फोडला. प्रवीणला खरोखर बरं वाटलं, बॉल सरळ जायला लागला.

पण आदल्या दिवशी मी त्याच्या मागेच उभी होते. संध्याकाळपर्यंत पत्र्यावर माझे बॉल वाजायला लागले.

मामांनी मात्र काहीच बघितलं नव्हतं. पहिला पत्रा वाजला तेव्हाच ते पाठ फिरवून स्तोत्र म्हणत उभे राहिले होते. मी त्यांना हसले तेव्हा प्रवीण मला बाजूला घेऊन म्हणाला, “हसू नका अक्का.” मामा आम्ही यायच्या आधी एकदा परीक्षेला बसले होते आणि ती अदुनेच घालवली होती. शेवटचे काही होल उरले होते, मामा आरामात पास होत होते आणि अचानक अदु आलं. बॉल गेला तो थेट तळ्यात. त्यानंतरचाही तळ्यात.

आता ही शेवटची संधी होती. हे कमलामामींनी सांगितलं नव्हतं, मामांनीच स्वतःला सांगितलं होतं. नाहीतर पुढच्या महिन्यात खुर्ची.

*

त्या वर्षीची परीक्षाही चेन्नईतच होती, आमच्या रेंजला लागूनच्या, त्या तळ्याच्याच मैदानावर. पहिल्या दिवशी एक राउंड खेळायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवायची परीक्षा आणि दुपारी दुसरा राउंड. दोन्ही राउंड मिळून ठरलेल्या स्कोअरच्या, म्हणजे फटक्यांच्या, आत यायचं, आणि शिकवण्यातही पास व्हायचं. पहिल्या दिवशी मामा सुंदर खेळले. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात मामींनी दहीभात दिला होता, सर झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते, सगळं मंगल होतं.

परीक्षक मूळचे उत्तरेकडचे, चेन्नईत स्थायिक झालेले, मिशीवाले, कडक. मामांचा विद्यार्थी म्हणून त्यांनी मलाच उभं केलं. बाकीचे उमेदवार गोल करून बघत होते.

परीक्षक म्हणाले, “मिस्टर राव, समजा या तुमच्याकडे आल्या आहेत आणि यांना...” ते जरा थांबले, इकडेतिकडे बघितलं, “यांना तो प्रॉब्लेम आहे. उजवीकडे जाणारा. यांची चूक काय होते ते आधी मारून दाखवा. मग बरी करा.”

दुपारी राउंड आणि सकाळी मुद्दाम अदु मारायचं! न मारावं तर शिकवण्यात नापास, मारावं तर दुपारी तळं. प्रवीणने शांतपणे कानात इयरफोन घातले आणि पाठ फिरवली. झाडाखाली सरांनी डोळे मिटून घेतले.

मामांनी घाम पुसला. मग फार नम्रपणे आपला क्लब परीक्षकांच्या पुढे धरला. “सर, तुम्ही एकदा मारून दाखवा. मी बघून चूक सांगतों.”

परीक्षक दोन पावलं मागे सरकले. “मैं? नहीं नहीं! संडे को मेरा मैच है!”

सगळे हसले. मामासुद्धा हसले, आणि मला वाटतं त्या हसण्यातच काहीतरी सुटलं. ते स्वतःशी म्हणाले, “शिकवणाराच भ्याला तर शिकणाऱ्यानें काय करावें पा?” मग माझ्याकडे वळले आणि अदुचं खरं नाव घेतलं. पूर्ण. मोठ्याने! कोणीतरी मागे “मुरुगा!” म्हणून देवाचा धावा केला.

मामांनी हात आवळले, वजन चवड्यावर टाकलं आणि मारलं. बॉल काटकोनात उजवीकडे गेला. “हें पाहिलेंस? आतां नीट पाहा, पुन्हा दाखवितों.” पुन्हा गेला. “हात घट्ट, म्हणून बाकी सगळें बिघडतें.” मग त्यांनी प्रवीणला पाठीत बोट मारून जागं केलं आणि टपरीकडे पाठवलं. वाफाळता टंबलर आला. तो माझ्या हातात देऊन मामा म्हणाले, “अशी धर. भाजूं नये, सांडूं नये. आतां क्लब धर.”

मी मारलं. बॉल सरळ गेला. परीक्षक कागदावर काहीतरी लिहीत राहिले, चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

दुपारी काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी अब्रू आहे. सकाळी गोल करून बघणाऱ्यांपैकी जवळपास सगळ्यांना अदु झालं. मी सर्वांत जवळ उभी होते, मला पहिल्याच होलला झालं! त्या वर्षी मी नापास, पुढच्या वेळी पास झाले. प्रवीण पाठ फिरवून उभा होता, तो वाचला. आणि ज्याने दोनदा मारलं, नाव घेऊन मारलं, ते रघुमामा तळ्याशेजारून असे चालत गेले की जणू तिथे तळं नव्हतंच. स्कोअरच्या आत आले.

“झालं मामा!” मी म्हणाले.

“खेळण्याचें झालें. शिकवण्याचें?” मामांचा चेहरा उतरलेला. “परीक्षकासच मार म्हटलों. त्यांस राग आला असेल पा.”

*

शिकवण्याचा निकाल परीक्षक स्वतः फोन करून कळवणार होते. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी दुपारी कमलामामींनी आम्हाला आवडीला जेवायला बोलावलं. मी, प्रवीण, सुंदरम सर, आणि मामींचा तो प्रेमळ भाऊसुद्धा. पानावर सांबार वाढलेलं आणि कोणाच्याच घशाखाली उतरत नव्हतं. भाऊ तेवढा पोटभर जेवत होता. “काळजी करू नका अत्तिंबेर, खुर्चीला नवी उशी केली आहे!”

फोन वाजला. मामांचा हात खरकटा, मामींनी स्पीकर लावून फोन पानाशेजारी ठेवला.

“मिस्टर राव?” परीक्षकांचा आवाज. सकाळच्या परीक्षेत होता तो कडकपणा त्यात कुठेच नव्हता. “राव साब, बिझी तो नहीं हैं?”

“नाही सर. निकाल...?”

“हाँ, वो... पहले एक बात.” मग आवाज आणखी हळू. “कल मेरा मैच था।”

आम्ही सगळे पानावर वाकलो.

“पहिल्याच होलला, राव साब. मग दुसऱ्याला. मग... वही. जो आपने दिखाया था।”

प्रवीणने तोंडात भात कोंबून हसू दाबलं. मामा गंभीर. “सर, पण माझा निकाल?”

“अरे राव साब, फेल आदमी से कोई टाइम माँगता है क्या? कब आऊँ, ये बताइए!”

मामी उठून आत गेल्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मग रडल्याचा. भावाचा घास हातातच राहिला. सरांनी मान हलवली, तोंड उघडलं, पण त्यांचा तो एक शब्दसुद्धा बाहेर पडेना.

मामांनी डावा हात फोनच्या जवळ नेला, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रोच्या आवाजात बोलले.

“उद्यां दुपारी या सर. राहुकाल टाळून. आणि येतांना कॉफी पिऊन येऊं नका.”